किर्तीचं रक्तातलं वय

सोनिवली, बदलापूर
२ एप्रिल २०२५

साईनाथ,

मोठ्या बहिणीने पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. आज ते राहू दे. परवा तू मला कारखान्याच्या जिन्यावरून ढकललंस, तेव्हापासून कंबर धरून चालतेय. डावा डोळा इतका सुजलाय की पोळीभाजी न्यायला येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे न बघताच डबा उचलतात. तुझ्या कारखान्यातली सगळी माणसं बघत होती. एकानेही मशीन थांबवलं नाही. जीन्स शिवत राहिले मेले.

फोन तू ब्लॉक केलायस, म्हणून कागद. आपल्या गावचा दिनानाथ रिक्षा घेऊन तुमच्या कॅम्प नंबर तीनच्या वस्तीत येतोच, त्याच्या हाती पाठवतेय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मी आले होते ते एकच विचारायला. पंधरा वर्षांच्या लेकीचं लग्न अक्षय्य तृतीयेला लावतोस, तुझी अक्कल कुठे चरायला गेलीय? तर तू काय बोललास? "ताई, पंधराची कोण? डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलंय. किर्ती अठराची आलीय. कागद खोटा बोलेल, रक्त खोटं बोलतं काय?" आणि वर पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरलास. अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस, लेक अठराची झाली म्हणून! तो पुडा मी तुझ्या तोंडावर फेकला, हे खरं. त्यानंतर तू जे केलंस तेही खरं.

काल मी किर्तीच्या शाळेत जाऊन त्या प्राची मॅडमना गाठलं. मुंबईहून येतात त्या, किर्ती पाचवीत असल्यापासून. दरवर्षी पोरांचं रक्त नेतात. पोरं वयात येतात तेव्हा त्यांच्या अंगातल्या पेशी कशा जुन्या होत जातात ते मोजायचं, असं त्यांचं काम. मला जेवढं समजलं तेवढं सांगते. पेशीत बारीक धागे असतात आणि धाग्याच्या टोकाला टोपण असतं, बुटाच्या लेसला असतं ना, तसं. माणूस वाढतो तशी ती टोपणं झिजतात. सगळ्यांचीच झिजतात, त्यात नवल नाही. पण ज्या घरात रोज मारझोड, दाराची कडी वाजली की पोर पलंगाखाली शिरतं, त्या घरातल्या पोरांची जास्त झिजलेली दिसतात. धाग्यांवर कसल्या खुणाही पडतात, त्यावरून पेशीचं वय काढतात. ते वय आणि पोराचं खरं वय दर वेळी जुळत नाही.

एकेकट्या पोराचा आकडा आईबापांना सांगायचा नाही, असा त्यांचा नियम आहे, कारण एकाचा आकडा चुकूही शकतो. पण किर्तीच्या दंडावरचे वळ बघून त्या बाईला राहवलं नाही. तुला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या पेशी तिच्या वयापेक्षा तीन वर्षं पुढे दिसताहेत. घरी काय चाललंय?" करायला गेली गणपती आणि झाला मारुती! तुला "घरी काय चाललंय" ऐकू आलंच नाही. पंधरा अधिक तीन, एवढी बेरीज केलीस आणि त्या कैलासला जावई करायला त्याच्या बापाला फोन लावलास.

तू असं का ऐकलंस तेही मला कळतं. आपल्या गावात कोणाची जन्मतारीख खरी होती? गुरुजींनी सरसकट एक जून ठोकून दिली. तुझी एक जून, माझी एक जून, आणि दाखल्यावर तू माझ्याहून वर्षाने मोठा! तुला कडेवर घेऊन मी बारवीच्या ओढ्यावर धुणं धुतलंय रे. कागदावरचं वय म्हणजे थाप, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. मग कोणी रक्तातून वय काढतो म्हटल्यावर तुला तो देवाचा कौल वाटला.

आणि लवकर मोठं होणं ही आपल्याकडे शाबासकीच. तू अकराव्या वर्षी वीटभट्टीवर गेलास तेव्हा बापूस गावभर सांगत फिरायचा, पोरगा बाप्या झाला म्हणून. घरी आल्यावर त्याच पोराला पट्ट्याने फोडायचा. ते तू विसरलास की काय?

पण किर्ती आपल्यासारखी पाड्यावर नाही जन्मली. ती जन्मली तेव्हा दवाखान्यात मी रंजनाच्या उशाशी उभी होते आणि बाहेर दिवाळीचे फटाके वाजत होते. तिचं वय पंधरा आहे. मॅडमनी सांगितलं ते वय नव्हे, गाढवा, तो मार आहे. तू पट्ट्याने मारलंस, कटिंगच्या लोखंडी पट्टीने मारलंस, तिच्यासमोर तिच्या आईला भिंतीवर आपटलंस. ते सगळं पोरीच्या रक्तात उतरलं आणि तू त्याचे पेढे वाटलेस.

लग्न मोड. दहावी होईपर्यंत किर्तीला माझ्याकडे दे. नाही दिलीस तर मी काय करीन ते लिहीत नाही, कारण माझं मलाच अजून ठाऊक नाही.

गोदावरी


सोनिवली
११ एप्रिल

साईनाथ,

तुझं उत्तर मिळालं. कैलासची दोन माणसं येऊन देऊन गेली. "म्हातारे, लग्नात टांग अडवू नको," बोलले आणि भज्यांची कढई लाथेने उडवली. कढत तेल चंद्रीच्या पायावर गेलं. चंद्री माझ्याकडे पोळ्या लाटते, वांगणीच्या पाड्यावरून येते, तिने तुमचं काय घोडं मारलं होतं? घोट्यापासून बोटांपर्यंत साल सुटून आली. ती खाली बसली आणि पाय पाण्याच्या बादलीत बुडवला. त्यातल्या एकाच्या थोबाडावर मी तापलेला झारा हाणला. त्याच्या गालावर झाऱ्याच्या भोकांची नक्षी उठली असेल. वरातीत फोटो काढाल तेव्हा त्याला मागे उभा करा.

असला जावई शोधलास! डंपर आहेत म्हणून? बारा वर्षांनी मोठा घोडा, आणि लग्नाआधीच बायकांवर तेल ओततो.

आता तुझा निरोप. दिनानाथ मान खाली घालून सांगत होता. "किर्ती कुठे आहे ते सांग, नाहीतर घर पेटवतो." मला काय विचारतोस? शेवटचा पेपर देऊन ती शाळेतून निघाली आणि घरी पोचली नाही, एवढंच माझ्या कानावर आलं. माझ्याकडे नाही ती. खोटं बोलत असेन तर जीभ झडो. पोरगी शहाणी आहे, असेल कुठेतरी नीट. जेवतेय पोटभर. काल तर सुकटीची चटणी मागून मागून खाल्ली. म्हणजे लहानपणी खायची, असं म्हणायचंय मला.

प्राची मॅडमनी पोरांची लग्नं थांबवतात त्या मदतीच्या नंबरवर फोन लावला होता. दोन बाया तुझ्या घरी येऊन गेल्या ना? त्यांना चहा पाजलास आणि सांगितलंस, कसलं लग्न, पोरगी गावाला गेलीय. उचलली जीभ लावली टाळ्याला. मॅडम मला फोनवर रडत म्हणाल्या, माझ्या एका वाक्याने हे झालं. मी म्हटलं, बाई, वाक्य तुमचं, पण कान माझ्या भावाचे.

आणि रंजनाला हात लावू नकोस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात आलीय ती, तुझ्या वाटेला कधी आडवी आली नाही. तिला काहीच माहीत नाही. जे तिच्याकडे नाहीच, ते मारून मारून कसं बाहेर काढशील? तिला माहीत नाही हे मला कसं माहीत, असं विचारू नकोस.

गोदावरी


अंबरनाथ
१६ एप्रिल

साईनाथ,

हे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितेय. रंजना आत आहे. दोन बरगड्या मोडल्यात, एका कानाने ऐकू येत नाही, तोंड असं झालंय की मी आधी दुसऱ्याच खाटेपाशी जाऊन तिला शोधत होते. शेजारच्या सिंधी बाईने तिला रिक्षात घालून आणलं. तू नाही आणलंस.

तिच्या कानाशी वाकले तर पहिलं वाक्य काय बोलली ठाऊक आहे? "ताई, किर्ती कुठे आहे ते मला सांगू नका. सांगितलंत तर पुढच्या वेळी माझ्या तोंडून निघून जाईल." पुढच्या वेळी म्हणाली ती. पुढची वेळ येणारच, हे धरून चाललीय.

तर ऐक. हो, किर्ती माझ्याकडे आहे. शाळेच्या फाटकातून दिनानाथच्या रिक्षात बसून सरळ माझ्याकडे आली. मी तुला खोटं सांगितलं आणि माझी जीभ काही झडली नाही. आता खरं सांगतेय ते भीतीने नव्हे. माझ्याकडे आहे ते लपवण्यासाठी रंजना मरेल, ते मला नको. तुला मारायचंच असेल तर इकडे ये. इकडे मी आहे.

तुझी लेक मला रोज काय विचारते, तेही वाचून ये. "आत्या, सच बता, मेरा खून बुढ्ढा हो गया क्या? मी लवकर मरणार का?" आरशात केस बघते, पांढरा आहे का म्हणून. मी मॅडमना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, एका आकड्यावरून कोणी मरत नाही बाळा, ही वयं बदलत असतात, घरात शांतता मिळाली तर वेग कमीही होतो, पण नक्की होईलच असं मी खोटं सांगणार नाही. फोन ठेवून किर्ती मला म्हणाली, "म्हणजे मला फक्त शांत जागा पाहिजे."

बापाकडून एवढंच पाहिजे तिला. लग्न मोडलंस तर कोणापुढे तुझं नाव काढणार नाही, रंजनालाही मी समजावीन. येणार असशील तर एकटा ये आणि हात रिकामे ठेवून ये.

गोदावरी


सोनिवली
२१ एप्रिल

साईनाथ,

तू शुद्धीवर आलास, डोक्याला टाके घातलेत, बोलू शकतोस, असं कळलं. हा कागद दिनानाथ तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत खाटेशी उभा राहील. मग तो परत घेऊन माझ्या शेगडीत घालायचा, असं ठरलंय. म्हणून आज सगळं उघड लिहिते.

एकटा ये म्हटलं होतं, तू कैलासला घेऊन आलास. हात रिकामे ठेव म्हटलं होतं, तुझ्या कमरेला कोयता होता. कोयता काढायची वेळ आली नाही, कारण तुझे हात कोयत्याहून वाईट. किर्तीची वेणी हाताला गुंडाळून तिला दारापर्यंत फरफटत नेलंस. गुडघे सोलले तिचे, भाजीची टोपली सांडली, चंद्री लंगडत शेजाऱ्यांना बोलवायला धावली. मी मध्ये पडले तर वेणी सोडून माझा गळा धरलास. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तुझं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, आणि साईनाथ, ते थेट आपल्या बापसाचं तोंड होतं. माझे दोन्ही हात तुझ्या मनगटांवर होते. ते तुला आठवत असणार.

म्हणजे बत्ता मी मारला नाही, हे तू जाणतोस.

लसूण कुटायचा लोखंडी बत्ता. पहिल्या घावाला तू माझा गळा सोडलास आणि खाली पडलास. कैलास तुला टाकून पळाला, चप्पल पण इथेच टाकून गेला मर्द. तिथे किर्तीने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. डोळे घट्ट मिटून ती मारत राहिली आणि दर घावाला "बस, बस, बस" ओरडत होती. तू तिला मारताना ती इतकी वर्षं हेच ओरडायची ना? मी कशीबशी उठले आणि तिला मिठीत आवळून मागे ओढलं. बत्ता तिच्या मुठीतून सुटेना. एकेक बोट उघडावं लागलं.

पोलीस येण्याआधी मी तिचे हात धुतले, कपडे बदलले आणि तिला शेजारच्या पार्वतीकाकूंकडे धाडलं. चंद्री आली तेव्हा बत्ता माझ्या हातात होता. पोलिसांना मी सांगितलं, मी मारलं. माझ्या गळ्यावर तुझी बोटं उमटलीत, ती दाखवली. फौजदार म्हणाला, गळा दाबला म्हणून मारलं हे पहिल्या घावापर्यंत ठीक, पडलेल्या माणसाला का मारत राहिलात? मी म्हटलं, राग आला. त्याने माझे हात उलटसुलट करून बघितले. मग विचारलं, "मुलगी कुठे होती? तिचा बाप तर ती अठराची झाली म्हणून पेढे वाटत फिरत होता. सज्ञान आहे म्हणजे."

कळतंय का तुला? तुझे पेढे तिच्या गळ्याला फास होऊन बसलेत. दवाखान्यातून तिचा जन्माचा दाखला मी काढीनच. पण पंधराची निघाली तरी तिला पोरांच्या सुधारगृहात नेतील, भलत्या माणसांत ठेवतील, दर तारखेला तेच तेच विचारतील. तिला हवी होती एक शांत जागा. ती मिळायच्या आत हे.

उद्या सकाळी फौजदार तुझा जबाब घ्यायला येणार आहे, तोवर मला घर सोडू नको म्हणून बजावलंय. गळा धरणाऱ्याला मागून कोणी मारलं, हे तू एकटाच सांगू शकतोस. कैलास तोंड उघडणार नाही, उघडलं तर पळून गेल्याचं सांगावं लागेल.

म्हणून मागतेय. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. जबाबात सांग की बहिणीने मारलं. मुलगी तिथे नव्हती. तिचं वय विचारलं तर खरं सांग. माझ्यावर काय व्हायची ती केस होऊ दे, माझं अर्धं आयुष्य धुरात गेलंय, उरलेलं कुठेही जाईल.

तुला राग आला असेल, येणारच. डोकं फोडलंय तिने तुझं. तिला धडा शिकवायचा असेल तर उद्यासारखी संधी पुन्हा मिळणार नाही, एक वाक्य बोललास की झालं, हातही उचलावा लागणार नाही. पण एकदा विचार कर. माराला ती तुला मोठी वाटली, लग्नाला मोठी वाटली. उद्या त्या फौजदारासमोर तरी तिला पंधराची राहू दे.

गोदावरी


बदलापूर, पोलीस ठाणे
२४ एप्रिल

साईनाथ,

इथल्या बाई हवालदाराने कागद दिला म्हणून लिहितेय. ती वाचल्याशिवाय पुढे देणार नाही, तेव्हा मोजकंच लिहिते. तुझा जबाब फौजदाराने मला वाचून दाखवला. बहिणीशी भांडण झालं, मी तिचा गळा धरला, तिने मारलं. मुलगी घरात नव्हती. मुलीचं वय पंधरा, लग्नाचं मी ठरवलं होतं, चूक माझी. खाली तुझी सही.

दुपारी मला कल्याणला कोर्टात नेतील. माझी काळजी करू नकोस आणि मला भेटायलाही येऊ नकोस. तुला माफ केलंय असं समजू नकोस. रंजनाचा कान परत येणार नाही, ती बरी झाली की माझ्या घरी राहील. त्या घराची पायरी तू चढायची नाहीस, चढलास तर पुन्हा बत्ता उचलीन, हे हवालदार बाईंनी वाचलं तरी चालेल.

किर्ती सकाळी डबा घेऊन आली होती. गजांच्या पलीकडून विचारलं, "आत्या, बाबा काय बोलले?" मी सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, खरंच असं बोलले? मी म्हटलं, खरंच. मग ती तिथेच खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून, नाकातोंडातून पाणी. हवालदार बाईंनी उठवलं तरी उठेना. तिचं पंधरा वर्षांचं रडणं होतं ते, साईनाथ. इतकी वर्षं तू तिला मारलंस, तेव्हा ती एकदाही अशी रडली नव्हती.

गोदावरी